चौदा नंबरची भिंत

४ मार्च २०१३, सोमवार

लिंझीला अजून सांगितलेलं नाही, म्हणून आधी इथे लिहिते. मी घर घेतेय.

थॉर्नरॉइड वसाहतीतलं, चौदा नंबर. जोडघराचा डावा भाग. एके काळी कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, मग तिथल्याच भाडेकरूने ते विकत घेतलं. तो गेल्या हिवाळ्यात वारला आणि आता त्याचा लीड्सचा पुतण्या ते विकायला निघालाय. बाहेरून खडीचा करडा गिलावा, आत तपकिरी फुलांचे वॉलपेपर, न्हाणीघर शेवाळी हिरवं. त्या हिरव्याची पुतण्याने तीनदा माफी मागितली. मी म्हटलं, "अहो, मी या वेदरशॉ शहरात बावीस वर्षं बस चालवतेय. शुक्रवारच्या शेवटच्या फेरीनंतर बसमध्ये काय काय पडलेलं असतं ते पाहिलंय का कधी? हिरव्या रंगाचं काय घेऊन बसलात!"

स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळी दरी दिसते. मी तिथे उभी राहिले आणि वाटलं, हे दार मी आतून लावू शकते.

दोन वर्षं लेकीच्या मागच्या खोलीत राहतेय. लिंझी वाईट नाही. पण "आई, तू बस, मी करते" हे दिवसातून दहा वेळा ऐकलं की माणसाला आपले हात कापून ठेवावेसे वाटतात. अठ्ठावन्न वर्षांची आहे मी. बारा टनांची बस बर्फात चढावर नेते.

कीथचं नाव या वहीत लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण एकदाच लिहून टाकते. एकतीस वर्षांचा संसार, त्यातली नऊ वर्षं त्याचं मिल लेनमध्ये दुसरं बिऱ्हाड. मिल लेन माझ्याच बसच्या मार्गावर आहे. त्या दारावरून मी दिवसातून सहा वेळा जात होते. संपलं. आता नाही लिहिणार.

७ मार्च, गुरुवार

लिंझीला सांगितलं. ती आधी हसली, मग तिला कळलं की मी थट्टा करत नाहीये. "थॉर्नरॉइड? आई, ती घरं कशाची आहेत ते तरी कुणाला माहितीय का?"

"घराची आहेत," म्हटलं.

रात्रीची भांडी तिने जरा जोरातच घासली.

१५ मार्च, शुक्रवार

सर्व्हेअरचा अहवाल आला. बारा पानं. छप्पर बरं, खिडक्या जुन्या, जिन्याखाली ओल. आणि नवव्या पानावर: भिंतींची बांधणी अनिश्चित. वीट असू शकेल, काँक्रीट असू शकेल, गिलाव्यामुळे सांगता येत नाही, सबब किंमत ठरवता येत नाही. बँकेची बाई फोनवर गोड आवाजात म्हणाली, अशा घरावर आम्ही कर्ज देत नाही.

मी विचारलं, "तो माणूस आला होता, त्याने काय केलं भिंतीला?"

"त्यांनी पाहणी केली."

"टकटक केलं असेल. टकटक करून बारा पानं?"

म्हणजे साठ वर्षं घर उभं आहे, त्यात एक माणूस जगला आणि पलंगावर मेला, आणि घर कशाचं आहे ते या एवढ्या मोठ्या शहरात एकालाही ठाऊक नाही. मग मी शोधून काढते. त्यात काय!

लिंझी म्हणाली, "सुटलीस, आई." मी अहवाल घडी करून पर्समध्ये ठेवला.

१७ मार्च, रविवार

शेजारच्या सोळा नंबरात गेले. जोडघराचा दुसरा भाग, म्हणजे माझी भिंत तीच त्यांची भिंत. मिसेस विनी ॲकरॉइड, वय एकोणऐंशी, पाठ ताठ, केस नुकतेच सेट केलेले. चहा दिला, आल्याचा गुळचट केक दिला. घर आरशासारखं, पण एक गंमत पाहिली: नवऱ्याची, लग्नाची, समुद्रावरची सगळी फ्रेम केलेली छायाचित्रं जमिनीवर नाहीतर कपाटावर टेकवून ठेवलेली. भिंतीवर एकही नाही. एवढी टापटिपीची बाई आणि फ्रेमा टांगायचा आळस! असतात माणसं अशी.

भिंतीचं विचारलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"वीट. पक्की वीट. माझ्या हॅरॉल्डने डोळ्यांनी बांधताना पाहिलंय."

"मग तुम्ही तसं लिहून द्याल का? बँकेला दाखवायला?"

"लिहून कशाला? आमच्या काळी माणसाच्या शब्दाला किंमत होती." आणि उठून माझ्या हातातली बशी घेतली. केक अजून अर्धा होता.

खमकी आहे म्हातारी. पण वीट म्हणाली, मला तेवढं पुरे.

२३ मार्च, शनिवार

गुडघाभर बर्फ. बसेस बंद. चालत चौदा नंबरला गेले, पुतण्याने किल्ली देऊन ठेवलीय. अंगात कोट तसाच ठेवून रिकाम्या खोलीत तासभर बसले. काही केलं नाही. घरी आल्यावर लिंझीने विचारलं कुठे होतीस, म्हटलं फिरायला. तिला सर्दी झालीय, नाक लाल.

२ एप्रिल, मंगळवार

कौन्सिलच्या कचेरीत गेले. काउंटरवरचा माणूस जुन्या कागदांच्या नावाने कपाळावर हात मारून घेणारा. म्हणाला, थॉर्नरॉइडची फाइल सापडत नाहीये, पण शोधणं चालू आहे, कारण गेल्या आठवड्यात एका बाईने फोन करकरून त्यांचा जीव खाल्ला. "चार वेळा. शिंकायची, माफी मागायची आणि पुन्हा विचारायची. शेवटी आमच्या साहेबांनी तळघर उघडायला सांगितलं."

म्हणजे त्या वसाहतीत घर घेणारं अजून कुणीतरी आहे! स्पर्धा आहे तर. मी लगेच पुतण्याला फोन करून बजावलं, घर दुसऱ्या कुणाला दाखवायचं नाही.

लिंझीचा आवाज अजून बसलेला. तिला म्हटलं, ऑफिसात दिवसभर फोनवर बोलतेस, घशाला विश्रांती दे. ती म्हणाली, "हो ना."

१० एप्रिल, बुधवार

कौन्सिलचं पत्र. तळघरात कागद सापडले. एकोणीसशे एक्कावन्न साली थॉर्नरॉइडमध्ये दोन प्रकारची घरं बांधली. निम्मी विटांची. निम्मी काँक्रीटची: उभे खांब, त्यांच्यात अडकवलेल्या पाट्या, वरून गिलावा. वरून दोन्ही सारखीच. कोणतं घर कशाचं ही यादी मात्र नाही. भोक पाडून पाहिल्याशिवाय कळणार नाही.

मग पाडू भोक. पुतण्याची हरकत नाही. क्लाइव्ह ग्रँट नावाचा एक इंजिनियर आहे, हेच काम करतो. मंगळवारी येतोय.

१२ एप्रिल, शुक्रवार

दुपारच्या फेरीला विनी ॲकरॉइड इस्पितळाच्या थांब्यावर चढल्या. पहिल्याच सीटवर बसल्या, हातातली पिशवी मांडीवर. एकेक जण उतरत गेला, त्या उतरल्या नाहीत. शेवटच्या थांब्यावर मी इंजिन बंद केलं.

"मंगळवारी भोक पाडतेस म्हणे."

"हो."

"नको पाडूस, पोरी."

"का? वीट म्हणालात ना तुम्ही?"

त्यांनी पिशवीचे बंद मुठीभोवती गुंडाळले. मग म्हणाल्या, "तू परकी आहेस. आमच्या आळीत आम्ही पन्नास-पन्नास वर्षं राहतोय. भोक पाडलंस तर या रस्त्यावर तुझ्याशी एक माणूस बोलणार नाही. मी बोलू देणार नाही."

मी म्हटलं, "मिसेस ॲकरॉइड, या काचेवर लिहिलंय, गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये. बावीस वर्षं माझ्याशी कुणी बोलत नाहीये. माझं काही अडलेलं नाही."

त्यांच्याकडे परतीचं तिकीट नव्हतं. मी तसंच बसू दिलं. उतरताना त्या पिशवी सीटवरच विसरल्या, हाक मारून द्यावी लागली. वय झालं की राग माणसाला असा विसरभोळा करतो.

१६ एप्रिल, मंगळवार

सगळं नीट लिहायला हवं.

क्लाइव्ह ग्रँट सकाळी नऊला आला. साठीचा, बोलणं सावकाश, आईवडील जमैकाहून आलेले, स्वतः इथलाच. आल्या आल्या म्हणाला, "तुम्हाला उगाच घाबरवायचं नाही आणि खोटा धीरही द्यायचा नाही, अशी मला फोनवर ताकीद आहे."

"कुणाची?"

"फोन आला होता." आणि मशीन काढायला लागला. कौन्सिलवाल्यांनीच सांगितलं असणार. म्हणजे तिथे चांगली माणसंही आहेत तर.

मागच्या भिंतीला भोक पाडलं. मोठा आवाज, पांढरी धूळ. मग त्याने आतून मनगटाएवढी जाड कांडी ओढून काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. करडी. या टोकापासून त्या टोकापर्यंत करडी. लाल कणसुद्धा नाही.

"काँक्रीट," तो म्हणाला. "खांब आणि पाट्या."

त्याने एका बाटलीतलं तपासणीचं रसायन कांडीवर फवारलं आणि कांडी बघता बघता गुलाबी झाली, लग्नातल्या मिठाईसारखी. फक्त बाहेरचं बोटभर टोक करडंच राहिलं.

"गुलाबी ते धडधाकट. करडं राहिलं ते थकलेलं. थकवा आतल्या सळईपर्यंत पोचला की सळई गंजते आणि खांब फुटतो. इथे अजून पोचलेला नाही."

"म्हणजे उभं राहील?"

"तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त. बाहेरून नवी भिंत बांधून घेतली तर नातवंडांच्याही पुढे. पण जोडघर आहे. दोन्ही भाग एकदम दुरुस्त केल्याशिवाय कुठलीच बँक कागद मान्य करणार नाही."

तेवढ्यात कुंपणापलीकडे विनी ॲकरॉइड दिसल्या. घरातल्या सपाता पायात, अंगात कोट नाही. माझ्या हातातली कांडी त्यांनी पाहिली आणि हळूच पायरीवर बसल्या. मी कुंपणाची फळी ओलांडून गेले. गुडघा दुखला.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"हॅरॉल्डला शेल्फ ठोकायचं होतं," त्या म्हणाल्या. "खिळा वाकला. दुसरा वाकला. मग त्याने कपाटामागे छिन्नी मारून पाहिली. पंच्याऐंशी साल ते. घर घेऊन दोन वर्षं झालेली. आणि गं, एकट्याने घेतलं असतं तर गोष्ट वेगळी. त्याने दारोदार फिरून आठ घरांना घ्यायला लावलं होतं. 'कौन्सिल विकतेय, घ्या, वीट आहे वीट, मी पाहिलीय बांधताना.' त्याने पाहिलेली घरं वरच्या रस्त्याची होती."

"मग सांगायचं त्यांना."

"त्या वेळी सरकार अशा घरांच्या दुरुस्तीला मदत देत होतं. अर्ज केला असता तर सगळ्यांची झाली असती. पण अर्ज करायचा म्हणजे आधी सांगायचं. 'पुढच्या वर्षी सांगतो, विनी,' म्हणायचा. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी. मग मुदत संपली. मग तो संपला."

क्लाइव्ह पाठ करून मशीन पुसत होता, पुसून झालेलं.

"मला चहा पाजून तुम्ही खोटं बोललात," मी म्हटलं.

"बोलले. अठ्ठावीस वर्षं बोलतेय. आता तूही गप्प बस, पोरी. घर नको घेऊस आणि जा. कुणाला कळणार नाही."

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की काय सांगू. म्हटलं, "माझ्या आळीतही सगळ्यांना माहीत होतं. खाटीक, पोस्टमन, माझी नणंद, सगळे. नऊ वर्षं माझ्याशी गोड बोलत होते. का, तर मला वाईट वाटू नये म्हणून! रविवारपर्यंत तुम्ही त्यांना सांगायचं. नाहीतर मी सांगेन."

त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

१७ एप्रिल, बुधवार

फार कडक बोलले का? एकोणऐंशी वर्षांची बाई. सपातांवर आली होती.

नाही. बरोबरच बोलले.

लिंझीला सगळं सांगितलं. ती समोर येऊन बसली आणि म्हणाली, "आई, बाबांचं मलाही सहा महिने आधी कळलं होतं."

मला वाटलंच होतं. नाही, खरं लिहायचं तर वाटलं नव्हतं. मी बाहेर जाऊन बागेत उभी राहिले. आत आले तेव्हा ती तिथेच बसलेली. म्हटलं, "चहा टाक." तिने टाकला.

२१ एप्रिल, रविवार

दुपारी दोनला विनी ॲकरॉइडनी आळीला बोलावलं. आठांपैकी पाच घरं अजून त्याच माणसांची. आपल्या पायरीवर उभ्या राहिल्या, चर्चला जायचा निळा कोट घालून, टोपीसकट. बाकीचे फूटपाथवर. मी माझ्या, म्हणजे चौदा नंबरच्या, कुंपणाशी होते. मध्ये पडायचा माझा काही विचार नव्हता.

त्यांनी सगळं सांगितलं. रडल्या नाहीत. हॅरॉल्डवर ढकललंही नाही. म्हणाल्या, "तो गेल्याला अकरा वर्षं झाली. त्याने नाही सांगितलं तर मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं."

मग वीस नंबरचे स्टॅन बूथरॉइड पुढे आले. बायको आजारी होती तेव्हा त्यांना हे घर विकून मुलीजवळ समुद्रकाठी जायचं होतं, पण जायच्या आधीच बायको वारली, असं मला नंतर कळलं. ते म्हणाले, "माझ्या बायकोच्या हातचं जेवायचीस, म्हातारे. आमच्या टेबलावर बसून. आणि तुला माहीत होतं."

"होतं, स्टॅन."

"लाज वाटली पाहिजे."

"वाटते. रोज वाटते."

ते पायरीजवळ आले तेव्हा मी पाहिलं तर मी विनीच्या शेजारी उभी होते. त्यांच्या बाजूने वगैरे नव्हे. माझा गुडघा दुखत होता आणि तिथे टेकायला कठडा होता.

स्टॅन माझ्याकडे वळले. "आणि तू कोण?"

"मी चौदा नंबर घेतेय."

"आता? हे सगळं कळूनसुद्धा?"

"कळलं म्हणूनच," म्हटलं. तोंडातून गेलं. पण गेलं ते गेलं, आता मागे घेणार नाही.

२९ एप्रिल, सोमवार

विनीच्या दारावर कुणीतरी अंडी फोडली. सुकलेलं अंडं गरम पाण्याने निघत नाही, उलट चिकटून बसतं. थंड पाणी लागतं. बसमध्ये शिकलेली विद्या. मी घासत होते, त्या आतून ओरडत होत्या, "राहू दे गं, माझं मी करीन!" मी म्हटलं, "तुम्ही बसा, मी करते."

१० मे, शुक्रवार

पुतण्याला दुसरं गिऱ्हाईक मिळेना. त्याने किंमत इतकी उतरवली की मला कर्जच नको. बँकेच्या बाईला फोन करून सांगितलं, तुमच्या बारा पानांबद्दल आभारी आहे. तिला टोमणा कळला नाही. असू दे.

आज सह्या केल्या. कागदावर स्वच्छ लिहिलंय: काँक्रीटची बांधणी. मला ते वाक्य फार आवडलं. दोनदा वाचलं.

१ जून, शनिवार

राहायला आले. लिंझीने सगळी खोकी आधीच बांधून, त्यांवर यादी चिकटवून ठेवली होती. एवढी घाई होती तिला मला घालवायची! गाडीत बसताना मात्र गळ्यात पडून रडली. काय समजावं या मुलीला.

संध्याकाळी क्लाइव्ह येऊन दोन्ही भागांची मापं घेऊन गेला. विनीने त्याला केक दिला, अख्खा.

११ जून, मंगळवार

पावसात स्टॅन बूथरॉइड दारात. आत यायला तयार नाहीत. म्हणाले, "ती कांडी. माझ्याही भिंतीतली काढून बघायची असेल तर कुणाला सांगायचं?"

क्लाइव्हचा नंबर दिला. मग म्हटलं, "एकेकट्याने काय करताय? घरं कौन्सिलने बांधली. कौन्सिलने विकली. तळघरात कागद त्यांचे. तुम्हाला विकताना त्यांनी सांगितलं होतं का काँक्रीट आहे म्हणून?"

ते पावसात उभे राहून विचार करू लागले. छत्री नव्हती. "नाही," म्हणाले. "हॅरॉल्डवर एवढा चिडलो की हे डोक्यातच आलं नाही."

२५ जून, मंगळवार

हे टाउन हॉलमध्ये, कौन्सिलच्या कचेरीत, जिन्याजवळच्या बाकावर बसून लिहितेय. पेन स्टॅनचं आहे.

सकाळी डेपोची जुनी मिनीबस मागून घेतली. आठही घरांची मिळून चौदा माणसं, विनी पुढच्या सीटवर. स्टॅन मुद्दाम मागे बसले, पण विनीला चढताना कोपराला धरून त्यांनीच चढवलं. माझ्या डोळ्यांसमोर.

काउंटरवर तोच कपाळाला हात लावणारा. चौदा माणसं आणि भिंती तपासून मागणारा आमचा अर्ज पाहून दोन्ही हात लावले. "अर्जदार कोण?" त्याने विचारलं.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. विनी पुढे झाली. "मी. हॅरॉल्ड ॲकरॉइडची बायको. लिहा."

साहेब खाली आले. म्हणाले, चौकशी करू, उत्तर पोस्टाने येईल. विनी म्हणाली, "मी एकोणऐंशी वर्षांची आहे. पोस्टाची वाट बघायची सोय माझ्याकडे नाही. आम्ही बसतो." आणि बसली. आम्ही सगळे बसलो. साहेब वर गेले. एक वाजला, तीन वाजले. स्टॅनने सँडविच वाटले, विनीलाही दिलं. तिने कडा काढून टाकल्या तेव्हा म्हणाले, "अजून कडा टाकतेस का?" एवढंच.

पाचला कचेरी बंद होते. शिपाई किल्ल्या वाजवत दोनदा फिरून गेला. मी त्याला म्हटलं, "भाऊ, माझ्याकडे बस आहे, मला घाई नाही."

साडेपाचला साहेब कागद घेऊन आले. सहीशिक्क्याचा. आठही घरांच्या भिंती कौन्सिल आपल्या खर्चाने तपासणार, जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात. विक्रीच्या वेळी लोकांना काय सांगितलं होतं, त्याचं लेखी उत्तर महिन्याच्या आत. लोक उठले, कोट चढवू लागले. कुणीतरी टाळीसुद्धा वाजवली.

विनीने चष्मा लावून कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि परत केला.

"अर्जदाराच्या नावात हॅरॉल्ड ॲक्रॉफ्ट लिहिलंय. ॲकरॉइड. माझ्या नवऱ्याची चूक होती, ती त्याच्याच नावावर घाला. दुसऱ्या कुणाच्या नाही."

"बाई, ते आम्ही उद्या दुरुस्त करून..."

"आज."

साहेबांनी आमच्याकडे पाहिलं. स्टॅननी घातलेला कोट काढला आणि परत बाकावर बसले, विनीच्या शेजारच्या जागेवर. मग बाकीचेही बसले.

साहेब वर गेलेत. जिन्यावर त्यांच्या बुटांचा आवाज ऐकू येतोय, अजून वरच जाताहेत. आम्ही बसलोय.